पॉडकास्टचा प्रायोजक

पॉडकास्टला पैसे देणारी कंपनी मुळात एकच गोष्ट विकत घेत असते : ऐकणाऱ्याने बोलणाऱ्यावर ठेवलेला विश्वास. श्रोता लोकलमध्ये उभा असतो, पोळ्या लाटत असतो किंवा पहाटे फिरायला निघालेला असतो, आणि पाऊण तास एकच आवाज त्याच्या कानाशी असतो. तो भाग त्याने स्वतः निवडून लावलेला असतो. दर आठवड्याला ऐकून ऐकून बोलणाऱ्याच्या आवडीनिवडी, लकबी, अडखळणेसुद्धा त्याच्या ओळखीचे झालेले असते. अशा आवाजाने एखाद्या वस्तूचे नाव घेतले की ते ओळखीच्या माणसाने घेतलेले नाव ठरते. त्यामुळे ब्रँड आणि पॉडकास्टर यांच्या व्यवहारात मोलाची वस्तू पॉडकास्टरच्या हाती असते. ती चुकीच्या ठिकाणी खर्च झाली, तर आलेले पैसे तोट्याचेच ठरतात.

आवाजाच्या माध्यमातली अशी भागीदारी भारताला जुनीच आहे. १९५२ मध्ये, माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका ही सिबा या स्विस कंपनीची टूथपेस्ट. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती कोलंबोला जात. सुरुवातीला गीतमाला ही स्पर्धा होती : सात गाणी वाजवली जात, आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमाने लावून पाठवायची असत. कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी सांगत त्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे पत्रांचा ढीग आवरेना, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा थांबवून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी ऐकवण्याची पद्धत सुरू झाली आणि गाण्याच्या क्रमांकासाठीचा ‘पायदान’ हा शब्द घराघरात पोहोचला.

या व्यवहारातून आजच्या पॉडकास्टरने घ्यावे असे बरेच आहे. टूथपेस्टचे नाव कार्यक्रमाच्या नावातच होते आणि ते कुणापासून लपवलेले नव्हते. लोक बुधवारी रात्री रेडिओभोवती जमत ते मात्र गाण्यांसाठी आणि सयानींच्या निवेदनासाठी. निवेदकाची शैली त्याची स्वतःची होती. टूथपेस्टच्या गुणांचे वर्णन तिच्यात मिसळलेले नव्हते. प्रायोजकाने संयम दाखवला, दशकानुदशके साथ सोडली नाही, आणि त्याचे फळ असे की पेस्टचे नाव बदलून सिबाका झाले तेव्हा कार्यक्रमानेही ते नाव घेतले, तरी श्रोता कुठे गेला नाही. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ हे त्याच काळातले दुसरे उदाहरण. शाळकरी मुलांचे पेय विकणाऱ्या कॅडबरीने शाळकरी मुलांचीच प्रश्नमंजूषा उभी केली. कार्यक्रम आणि वस्तू यांचा श्रोता एकच असला की नाते जुळवायला फार खटाटोप करावा लागत नाही. आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे आकाशवाणीवरून येणारी जाहिरात महाराष्ट्राच्या कानाला सर्वांत आधी सवयीची झाली.

पॉडकास्टमधल्या प्रायोजकत्वाचे प्रकार जवळीक वाढत जाईल तसे बदलतात. सर्वांत दूरची म्हणजे कंपनीने तयार करून पाठवलेली ध्वनिफीत; ती भागाच्या सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी लावली जाते. ती मूळ भागात कायमची मिसळता येते किंवा होस्टिंग सेवेमार्फत ऐकण्याच्या क्षणी आपोआप जोडता येते. दुसऱ्या पद्धतीत तीन वर्षांपूर्वीच्या भागालाही आजची जाहिरात लागू शकते, म्हणून जुने भाग पुष्कळ ऐकले जाणाऱ्या पॉडकास्टला ती सोयीची पडते. त्याहून जवळची म्हणजे सूत्रधाराने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या शब्दांत सांगितलेली जाहिरात. पुढची पायरी म्हणजे प्रायोजित सदर : भागातला एखादा ठराविक तुकडा प्रायोजकाच्या नावाने चालतो. त्यापुढे पूर्ण हंगाम एकाच प्रायोजकाचा असतो. आणि सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे ब्रँडचाच पॉडकास्ट, जो पॉडकास्टर कंपनीसाठी घडवून देतो. सर्जनशील भागीदारी सूत्रधाराच्या आवाजातल्या जाहिरातीपासून पुढे सुरू होते. त्याच्या अलीकडचे सारे जागेच्या भाड्यासारखे आहे. त्यात गैर काही नाही, पण भाडेकरू रातोरात निघून जाऊ शकतो हे धरूनच चालावे.

या माध्यमातली सर्वांत गाजलेली जाहिरात अगदी साध्या सामग्रीतून झाली. २०१४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘सीरियल’ हा पॉडकास्ट सुरू झाला. एका जुन्या खून प्रकरणाचा आठवड्यामागून आठवडे माग काढणारी ही मालिका इतकी ऐकली गेली की पॉडकास्ट हा शब्दच अनेकांना तिच्यामुळे कळला. तिची प्रायोजक होती मेलचिंप, ईमेल पाठवण्याची सेवा देणारी कंपनी. पॉडकास्टच्या निर्मात्यांनी रस्त्यावरच्या लोकांकडून कंपनीचे नाव आणि काम वाचून घेतले आणि ते तुकडे जोडून काही सेकंदांची जाहिरात केली. त्यात एक मुलगी नाव वाचताना अडखळते आणि ‘मेल... किंप?’ असे म्हणून जाते. निर्मात्यांनी तो तुकडा काढला नाही, कंपनीनेही काढायला सांगितले नाही. दर आठवड्याला भाग सुरू होण्याआधी ते ‘किंप’ ऐकू येऊ लागले आणि लोक एकमेकांत ते म्हणू लागले. २०१७ मध्ये कंपनीने हाच धागा पुढे नेला आणि मेलश्रिंप, जेलब्लिंप अशा चुकीच्या नावांचीच एक मोठी मोहीम उभी केली. कान जाहिरात महोत्सवात तिला सायबर विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ब्रँड आपल्या नावाच्या उच्चाराबाबत किती काटेकोर असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या संमतीचे मोल कळेल. कंपनीने सावरून घ्यायला सांगितले असते, तर ती जाहिरात दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिली नसती.

दुसरे उदाहरण उलट्या टोकाचे. जनरल इलेक्ट्रिकने २०१५ मध्ये ‘द मेसेज’ नावाची आठ भागांची विज्ञानकथा प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांपूर्वी परग्रहावरून आलेल्या एका संदेशाची उकल करणारे संशोधक, आणि तो संदेश ऐकणाऱ्यांना होऊ लागलेला गूढ आजार, असे तिचे कथानक. कथेत कंपनीच्या यंत्रांची स्तुती नाही. कंपनीचे नाव आहे ते निर्मिती करणाऱ्याच्या जागी. कथा मात्र ध्वनिलहरींभोवती फिरते, आणि अल्ट्रासाउंड यंत्रे बनवणे हा तर तेव्हा जनरल इलेक्ट्रिकचा व्यवसायच होता. ही मालिका आयट्यून्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. कंपनीला जे जग ठाऊक आहे त्या जगातली गोष्ट सांगायची, कंपनीची गोष्ट सांगायची नाही, ही तिची रीत. ईबेने २०१६ मध्ये गिमलेट या निर्मिती संस्थेकडून ‘ओपन फॉर बिझनेस’ ही धंदा उभारण्याविषयीची मालिका करून घेतली, तीही याच वाटेने गेली. ज्याला ईबेवर दुकान थाटायचे आहे त्याला धंद्याचे शिक्षण हवेच असते.

आता प्रायोजक निवडण्याचा प्रश्न. नवा पॉडकास्टर बहुधा सर्वांत मोठ्या कंपनीकडे बघतो आणि तिच्या जाहिरात संस्थेला ईमेल पाठवून वाट पाहत राहतो. त्याने आधी आपल्या श्रोत्याकडे पाहावे. आपला श्रोता कोण, तो कशासाठी पैसे खर्च करतो, त्याला कोणती अडचण वारंवार येते, हे पॉडकास्टरला ईमेल, कमेंट आणि प्रत्यक्ष भेटींतून कळत असते. त्या अडचणीवर उत्तर असलेला व्यवसाय हा त्याचा पहिला प्रायोजक. सह्याद्रीतल्या भटकंतीवरच्या पॉडकास्टला बूट आणि सॅक बनवणारा छोटा उत्पादक एखाद्या शीतपेयापेक्षा जास्त शोभतो, आणि टिकतोही.

मराठीत मजकूर आणि जाहिरात शंभर वर्षांहून अधिक काळ सोबत नांदत आली आहेत. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चाललेल्या परंपरेचे आर्थिक गणित आजही मुख्यतः जाहिरातींवर बसते. सहकारी बँका, सराफ, मसालेवाले, बांधकाम व्यावसायिक, औषध कंपन्या ही मंडळी दर वर्षी पानभर जाहिरात देतात. त्यातल्या पुष्कळ जाहिराती संपादकावरच्या स्नेहापोटी किंवा मराठी साहित्याला हातभार म्हणून दिल्या जातात. हा मोठेपणाच आहे. पण पॉडकास्टरने त्या भरवशावर राहू नये. स्नेहापोटी मिळालेली रक्कम पुढच्या वर्षी धंदा मंदावला की सर्वांत आधी कापली जाते. जिच्यातून देणाऱ्याला ग्राहक मिळतात, ती रक्कम मंदीतही टिकते.

प्रायोजकापुढे ठेवायचा प्रस्ताव दोन-तीन पानांचा पुरे. त्यात पॉडकास्टचा विषय, श्रोत्याचे वर्णन, आकडे, आणि मुख्य म्हणजे त्या विशिष्ट ब्रँडसाठी सुचलेली एक ठोस कल्पना असावी. तीस कंपन्यांना एकच मजकूर पाठवणाऱ्यापेक्षा तीन कंपन्यांना तीन वेगळ्या कल्पना पाठवणाऱ्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. शक्य असेल तर त्या कल्पनेचा मिनिटभराचा नमुना ध्वनिमुद्रित करून सोबत द्यावा. दुकानाच्या मालकाला किंवा मार्केटिंगच्या माणसाला कागदावरची कल्पना पटायला वेळ लागतो, कानावर पडलेली लगेच पटते.

आकड्यांबाबत प्रामाणिकपणा राखणे सोपे नाही, कारण आकडेच निसरडे आहेत. डाउनलोड म्हणजे काय याचे सर्वमान्य निकष आयएबी या जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेने ठरवले आहेत. निदान एक मिनिट ऐकता येईल एवढी फाइल उतरली तरच ती मोजायची, आणि एकाच उपकरणावरून चोवीस तासांत आलेल्या मागण्या एकदाच धरायच्या. तरीही डाउनलोड झाले म्हणजे ऐकले गेले, असे नव्हे. २०२३ मध्ये अॅपलने आयओएस १७ आणताना न ऐकणाऱ्यांच्या फोनवर आपोआप भाग उतरवणे कमी केले, तेव्हा जगभरातल्या अनेक मोठ्या पॉडकास्टचे आकडे घसरले. ऐकणारे मात्र होते तेवढेच होते. मराठीत तर बहुतेक संवाद-पॉडकास्ट यूट्यूबवर कॅमेऱ्यासह येतात, तिथे ‘व्ह्यू’चा हिशेब आणखी वेगळा. म्हणून प्रस्तावात एक मोठा आकडा मिरवण्यापेक्षा भाग प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत सरासरी किती ऐकला जातो, श्रोता किती मिनिटांपर्यंत टिकतो, आणि कोणत्या शहरांतून ऐकतो, हे द्यावे. पिंपरी-चिंचवडच्या प्रायोजकाला न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्यांचा उपयोग नसेल. परदेशी पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीला मात्र तेच श्रोते हवे असतील.

जाहिरात घडवण्याच्या कामाला पॉडकास्टरने स्वतःच्या भागाइतकाच वेळ द्यायला हवा. कंपनीकडून ब्रीफ येते, त्यात दहा-बारा मुद्दे असतात, आणि प्रत्येक मुद्दा कंपनीतल्या कुणाच्या तरी आग्रहामुळे आलेला असतो. एका मिनिटात दोन मुद्दे नीट पोहोचतात, फार तर तीन. कोणते ठेवायचे हे पॉडकास्टरने कारणासह सांगावे. वस्तू आधी स्वतः वापरून पाहावी, निदान दोन-तीन आठवडे. वापरलेल्या माणसाच्या बोलण्यात असे तपशील येतात जे ब्रीफमध्ये नसतात : डब्याचे झाकण प्रवासात सांडत नाही, अॅपवर मराठी निवडली तरी पावती इंग्रजीतच येते. दुसरा तपशील कंपनीला खटकेल. पण एखादी लहान उणीव मोकळेपणाने सांगितली की उरलेल्या कौतुकावर श्रोत्याचा विश्वास बसतो, हे जाणत्या प्रायोजकाला समजावून देता येते.

खरी संधी मात्र ध्वनीत आहे, आणि मराठी पॉडकास्टनी ती अजून पुरेशी वापरलेली नाही. समजा, ज्येष्ठांच्या प्रश्नांवर एक पॉडकास्ट आहे आणि श्रवणयंत्रे विकणाऱ्या दुकानसाखळीला त्याचे प्रायोजक व्हायचे आहे. नेहमीची वाट म्हणजे यंत्राचे गुण आणि किमतीतली सवलत सांगणे. पण वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीतले ध्वनी हरवतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि माणसाला बोलणे ऐकू येते, शब्द मात्र कळत नाहीत. पॉडकास्टर घरातला एक साधा संवाद घेऊ शकतो, जेवायला बोलावणाऱ्या सुनेचा किंवा फोनवरच्या नातवाचा, आणि त्यातले वरच्या पट्टीतले ध्वनी संगणकावर गाळून तो वीस सेकंद ऐकवू शकतो. मग तोच संवाद पूर्ण स्वरूपात. त्या वीस सेकंदांत चाळिशीतल्या मुलाला प्रथमच कळेल की आई ‘मुद्दाम’ दुर्लक्ष करत नाही. दुकानाचे नाव शेवटी एकदा घेतले तरी पुरते. ही जाहिरात पॉडकास्टच्या विषयातच बसते, श्रोत्याला काही देते, आणि वर्तमानपत्राच्या पानावर ती करताच येत नाही. प्रत्येक ब्रँडसाठी असा एखादा ध्वनी सापडेल असे नाही. शोधून पाहणे मात्र पॉडकास्टरचे काम आहे.

सदर प्रायोजित करताना एक पथ्य पाळावे : प्रायोजक निघून गेला तरी ते सदर चालू ठेवावेसे वाटेल, इतके ते स्वतःच्या बळावर उभे असावे. प्रायोजकासाठीच जन्माला घातलेले सदर श्रोता दुसऱ्या आठवड्यात पुढे ढकलतो.

मजकूर आणि जाहिरात यांच्यातली रेघ पुसली गेली की काय होते, याचा धडा गिमलेटला पहिल्याच वर्षी मिळाला. २०१४ मध्ये स्क्वेअरस्पेस या वेबसाइट बनवण्याच्या सेवेसाठी त्यांनी एका आईची आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलाची मुलाखत घेतली. मुलाने त्या सेवेवर स्वतःची साइट बनवली होती. आईचा समज असा झाला की हे बोलणे एका नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमासाठी आहे. प्रत्यक्षात ती जाहिरात निघाली, आणि तिने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. गिमलेटने चूक मान्य केली आणि ‘स्टार्टअप’ या आपल्या मालिकेचा एक अख्खा भाग त्याच घटनेवर केला : चूक कशी झाली, कुणी काय गृहीत धरले, पुढे काय बदलायचे. त्यांच्या कार्यक्रमांत जाहिरातीखाली वेगळे संगीत वाजे, जेणेकरून श्रोत्याला मजकूर संपल्याचे कानानेच कळावे. ही युक्ती कोणत्याही पॉडकास्टला बिनखर्चात करता येते. जाहिरातीत बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘ही जाहिरात आहे’ असे ध्वनिमुद्रण चालू असताना सांगावे आणि त्याची संमती त्याच ध्वनिफितीवर घ्यावी.

भारतात याला नियमांचेही बंधन आहे. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे अस्कीची समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. त्यांत ध्वनिमाध्यमाचा स्वतंत्र उल्लेख आहे : प्रायोजकत्वाची घोषणा सुरुवातीला आणि शेवटी, तसेच मध्ये घेतलेल्या प्रत्येक विश्रांतीच्या आधी व नंतर, स्पष्टपणे करावी लागते. पैसे मिळाले नाहीत, फक्त वस्तू भेट मिळाली, तरी ते सांगावे लागते. यूट्यूबवर भाग चढवताना सशुल्क प्रसिद्धीच्या चौकटीत खूण करणेही आवश्यक असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ती करणाऱ्याला आणि तिची भलामण करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक झाली तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय भलामण करण्यावर एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते. दावा खरा आहे की नाही याची योग्य ती खातरजमा केल्याचे दाखवता आले तर भलामण करणाऱ्याचा बचाव होतो. म्हणून कंपनीकडून दाव्याचे पुरावे लेखी मागून जपून ठेवावेत.

काही विषयांत तर नाही म्हणणे हेच बरोबर. मधुमेह बरा करतो, उंची वाढवतो असे सांगणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे, मग ते औषध आयुर्वेदिक म्हणून विकले जावो की घरगुती म्हणून. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. शेअर आणि गुंतवणुकीबाबत नेमका सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. हे सारे प्रायोजक दर चढा देतात, कारण त्यांना विश्वासाची उसनवारी हवी असते. आणि फसलेला श्रोता कंपनीला विसरतो, ज्या आवाजाने नाव सुचवले त्याला विसरत नाही.

पैशाचे गणित तीन प्रकारे बसते : दर हजार डाउनलोडमागे ठरलेला दर, भागाचे किंवा हंगामाचे ठोक मानधन, आणि विक्रीतला वाटा. अमेरिकेतल्या पॉडकास्टमध्ये सूत्रधाराने वाचलेल्या मिनिटभराच्या जाहिरातीला हजारामागे वीस-पंचवीस डॉलर हा परिचित पायंडा आहे. छोट्या मराठी पॉडकास्टला हजारी दराची पद्धत मारक ठरते. भागाला दोन हजार श्रोते असतील आणि दर हजारी पाचशे रुपये धरला, तर हाती एक हजार रुपये येतात. तेवढ्यात संकलकाचाही खर्च निघत नाही. अशा पॉडकास्टने आठ-दहा भागांच्या हंगामाचे ठोक मानधन मागावे आणि त्यात सदर, समाजमाध्यमांवरचे दोन-तीन तुकडे, एखादा प्रत्यक्ष कार्यक्रम असे काही मिळून द्यावे. विक्रीतला वाटा ठोक मानधनाच्या वर जोड म्हणून ठीक आहे. तेवढ्यावरच काम घेतले तर विक्रीची जोखीम सगळी पॉडकास्टरच्या गळ्यात पडते.

करार लेखी हवा, मग प्रायोजक मित्र असला तरी. त्यात भागांची संख्या, जाहिरातीची जागा आणि लांबी, मानधन आणि ते देण्याची तारीख असतेच. भांडणे होतात ती वेगळ्याच कलमांवरून. पहिले कलम मंजुरीचे : जाहिरातीचा मजकूर कंपनीने किती दिवसांत तपासायचा, किती वेळा बदल सुचवायचे, आणि उत्तर आले नाही तर तो मंजूर धरायचा का. कंपनीचा हात जाहिरातीपुरताच चालेल, भागातल्या इतर मजकुरावर किंवा पाहुण्यांवर नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. दुसरे कलम वापराच्या हक्कांचे, आणि इथे नवखे पॉडकास्टर सर्वांत जास्त गमावतात. त्यांच्या आवाजातला तुकडा कंपनी स्वतःच्या इन्स्टाग्रामवर, दुकानांत, रेडिओवर वाजवणार असेल तर त्यासाठी वेगळे मानधन आणि ठराविक मुदत असली पाहिजे. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की सही थांबवावी. आवाजाची नक्कल करणाऱ्या संगणकीय साधनांना तो आवाज पुरवायचा नाही, हेही आता लिहून घ्यायला हवे. तिसरे कलम स्पर्धकाचे. सराफाला प्रायोजकत्वाच्या काळात दुसरा सराफ नको असणे रास्त आहे. ‘दागिने, फॅशन व जीवनशैली’ अशी ऐसपैस व्याख्या मात्र मान्य करू नये.

कराचा भाग थोडक्यात असा. जाहिरात सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. सेवा देणाऱ्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. प्रायोजकाने दिलेली आणि पॉडकास्टरने ठेवून घेतलेली वस्तू वर्षात २० हजार रुपयांहून अधिक किमतीची असेल, तर २०२२ पासून तिच्यावर १० टक्के उद्गम करकपात होते. फोन किंवा कॅमेरा परत केला तर ती लागू होत नाही. आणि उद्यम नोंदणी करून ठेवलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे कायद्याने ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजासह. ही नोंदणी मोफत आहे. ती प्रत्येक पॉडकास्टरने करावी, कारण या व्यवसायातली सर्वांत मोठी तक्रार कमी पैशांची नसून उशिरा मिळणाऱ्या पैशांची आहे.

हंगाम संपल्यावर प्रायोजकाला अहवाल द्यावा, त्याने मागण्याआधी. कूपन कोड किती वेळा वापरला गेला, खास पत्त्यावर किती लोक पोहोचले, हे त्यात येते. पण मराठी श्रोता पुष्कळदा कोड वापरत नाही. तो दुकानात जाऊन ‘त्या कार्यक्रमात ऐकलं’ असे सांगतो. म्हणून काउंटरवरच्या माणसाला ‘आमच्याबद्दल कुठे ऐकले?’ एवढे विचारून वहीत नोंद करायला सुरुवातीलाच सांगून ठेवावे. श्रोत्यांची जाहिरातीबद्दलची बोलकी पत्रे जोडावीत, टीकेचीसुद्धा. काय जमले नाही आणि पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल, हेही लिहावे. एका भागातल्या जाहिरातीने फारसे काही घडत नसते. ऐकणारा ते नाव चार-सहा वेळा ऐकतो, गरज पडते तेव्हा ते त्याला आठवते, आणि ही गरज तीन महिन्यांनीही पडू शकते. त्यामुळे एका भागाचा सौदा करू पाहणाऱ्या प्रायोजकाला निदान सहा भागांसाठी तयार करावे; तो तयार नसेल तर त्याच्याकडून घाईने पैसे घेण्यापेक्षा पुढच्या हंगामाच्या आधी पुन्हा भेटावे.